पापांची तालीम घेणारे मास्तर

येशूदास मास्तर पोरांची पापं पिठाच्या चाळणीतून ऐकत. थट्टा नाही, मी रोज बघायचे. खामगावच्या बाजूच्या एका खेड्यात आमची मिशनची प्राथमिक शाळा होती. दोन खोल्या आणि एक ओसरी. मी दुसरीला शिकवायचे आणि मास्तर धर्मशिक्षण द्यायचे. ओसरीच्या टोकाला ते मांडी घालून बसत. डोक्याला फेटा, गळ्यात क्रूस, आणि तोंडासमोर धरलेली चाळणी. पलीकडे एकेक पोर गुडघे टेकून बसायचं. पहिला ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी पापकबुली द्यावी लागते, आणि फादर ती जाळीआडून ऐकतात. जाळी बघून पोरं भेदरू नयेत म्हणून ही तालीम.

अडचण एकच. सात-आठ वर्षांच्या पोरांजवळ पापांचा मोठा तुटवडा. एकदा फिलिप नावाच्या चिमुरड्याने पुष्कळ विचार करून सांगितलं, "मी दारू पेऊन बायकोले मारलं जी."

चाळणी खाली आली. "काऊन बे, तुह्यं लगन कधी झालं?"

"नाही झालं जी. पण मले दुसरं पापच सापडून नाही राह्यलं."

"पाप घरचं पायजे रे बापा! उसनं आणू नोको."

'पाप घरचं पायजे' हे मास्तरांचं ठेवणीतलं वाक्य. मी कुणाची कागाळी घेऊन गेले तर मलाही तेच. "बाई, हे तं त्याचं झालं. तुमचं घरचं कोणतं?"

नागपूर सरकारचे इन्स्पेक्टरसाहेब एकदा तपासणीला आले. त्यांनी समोरच्या पोराला विचारलं, "मास्तर काय शिकवतात?" पोर खणखणीत आवाजात म्हणालं, "पाप, साहेब!" साहेबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मागे मास्तर कौतुकाने मान डोलावत होते.

प्रसाद म्हणजे जिभेवर विरघळणारी पातळ, गोल चकती. ती घ्यायचीही तालीम असे. मास्तर स्वतः ज्वारीचे पातळ पापड करत, तपकिरीच्या डबीच्या झाकणाने गोल कापत आणि पोरांच्या जिभेवर ठेवत. "दात लावू नोको. इरघळू दे." पोरं मन लावून विरघळू देत, आणि परत रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहत.

मास्तरांना बायकापोरं नव्हती. बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावांनी त्यांच्याशी संबंध तोडला, असं गावात बोलत. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

एका वर्षी ईस्टरच्या सुमारास आमच्या पोरांचा पहिला प्रसाद ठरला. त्या काळी प्रसादाआधी मध्यरात्रीपासून काही खायचं नाही, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा कडक नियम होता. आणि दिवस वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचे. सकाळी फादर यायचे, तर वाटेत त्यांच्या बैलांच्या दमणीचं चाक निखळलं. ऊन चढत गेलं. पांढऱ्या कपड्यांतली पोरं निंबाखाली बसून सुकत चालली.

तेवढ्यात त्यांच्यातली सालोमी मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. तिची आई मार्थाबाई खामगावला कापसाच्या जिनात कामाला होती. तिने जुन्या चादरीचा झगा शिवून लेकीला नटवलं होतं.

"मास्तर, मी पाणी पेली."

"कवा?"

"आत्ताच. माठातलं. लय तहान लागली होती."

कुणीही पाहिलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "मास्तर, लहान आहे हो. राहू द्या."

"पोर खरं सांगाले आली बाई. तिले मी आता खोटं शिकवू काय?"

फादर आले. मास्तरांनी त्यांना बाजूला नेऊन बरीच विनवणी केली. फादर मायाळू होते, पण नियम त्यांच्याही हातात नव्हता. "पुढच्या रविवारी मी तिच्यासाठी पुन्हा येईन," एवढं ते म्हणाले. बातमी पसरली. बाया कुजबुजू लागल्या. मार्थाबाईने मान खाली घातली, आणि सालोमीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मास्तर माठाकडे गेले. त्यांनी गडू भरला आणि सगळ्यांदेखत उभ्यानेच घटाघटा रिकामा केला. मी थक्क झाले. या माणसाने माझ्या आठवणीत एकही प्रसाद चुकवलेला नव्हता. अंगात ताप असतानासुद्धा ते सगळ्यांच्या पुढे गुडघे टेकून असायचे.

तोंड पुसत ते मार्थाबाईकडे वळले. "तुह्या पोरीचं एकटीचं नाही वो बाई. मी बी पेलो. आमी दोघं आता पुढच्या आयतवारी."

शाळेच्याच एका खोलीत मिस्सा, म्हणजे प्रसादाची उपासना, सुरू झाली. बाकीची पोरं पुढे गेली. खोलीत पार मागे, भिंतीला लागून, सतरंजीवर मास्तर आणि सालोमी बसले. मी त्यांच्या पुढेच होते.

"मास्तर," सालोमीने विचारलं, "तुमाले खरंच तहान लागली होती?"

मास्तरांना खोटं जमत नसे. "नाही," ते म्हणाले.

"मंग काऊन पेले?"

"सगळे पुढं गेले अन् आपुन एकटंच मांगं राह्यलो, तं लय वाईट वाटते पोरी. मले ठावूक हाये."

पुढच्या रविवारी फादर शब्दाप्रमाणे आले, आणि दोघांनी शेजारी शेजारी गुडघे टेकून प्रसाद घेतला. पण त्या दिवशी, पुढे रांग सरकत असताना, मी एकदा मागे वळून पाहिलं. सालोमीचं रडणं थांबलं होतं. मास्तर तिच्या कानाशी वाकून पुढे काय चाललं आहे ते सांगत होते, आणि ती त्यांच्या दंडाला टेकून ऐकत होती.