काळ्या चौकटीतले प्राध्यापक

"या शुक्रवारी सभागृहात पाय ठेवायला जागा उरली, तर नावाचा झाप्रियान नाही!"

भर चौकात, बेकरीसमोर, अंगठे पट्ट्यात खोचून झाप्रियाननं ही घोषणा केली आणि एकही माणूस हसला नाही. हसायला आधी ऐकायला तर हवं! ड्रेनाक गावात झाप्रियाननं तोंड उघडलं की लोकांना एकदम घरची कामं आठवत. कारण तो गावच्या वाचनालयाचा कार्यवाह होता. त्याचं बोलणं कोबीच्या लोणच्यापासून सुरू होवो की जावयाच्या भांडणापासून, शेवटी येऊन थांबायचं एकाच जागी. "मग येताय ना व्याख्यानाला? मोफत आहे!"

मोफत म्हटलं तर ड्रेनाकची माणसं दुसऱ्याच्या प्लमच्या झाडाखाली पहाटेपासून टोपल्या घेऊन उभी राहतील. पण विज्ञान, इतिहास आणि कला मोफत म्हटलं की सगळ्यांचे गुडघे दुखायला लागतात. मागच्या महिन्यात प्राचीन थ्रेशियन लोकांच्या मातीच्या भांड्यांवर व्याख्यान झालं. श्रोते तीन! एक झाप्रियानची बायको वेलिच्का, तिला घरातून ओढून आणलेली. दुसरे एक आजोबा, ते हीटरच्या उबेला आलेले. तिसरा वक्त्याला घेऊन आलेला टॅक्सीवाला, आणि त्यानंही मधेच उभं राहून विचारलं, "साहेब, अजून किती भांडी राहिलीत?"

चौकातल्या त्या घोषणेच्याच दिवशी नगराध्यक्ष राद्कोनं झाप्रियानला बोलावून घेतलं.

"हे बघ, माझ्या भाच्याला व्यायामशाळा काढायचीय. तुझं सभागृह रिकामंच असतं."

"रिकामं कसं? अहो, तिथे ज्ञान असतं!"

"ज्ञानाला जागा कितीशी लागते? कपाटात ठेव. शुक्रवारी मी स्वतः येतो. निम्म्या खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर सभागृह तुझं. नाही तर सोमवारी वजनं आणि आरसे येतील."

त्याच सभागृहात झाप्रियानच्या बापानं गावाला सूक्ष्मदर्शकातून पाण्याचा थेंब दाखवला होता. तो थेंब बघून गाव आठवडाभर पाण्याला शिवलं नाही, फळांची दारू, राकियाच पीत राहिलं, तो भाग वेगळा! पण बापाच्या त्या सभागृहात भाचा दंड फुगवून आरशात बघणार, या विचारानं झाप्रियानला रडू यायचं बाकी होतं.

आणि मग त्याला ती कल्पना सुचली. या गावात लोक वाचतात काय? वर्तमानपत्र नाही, पुस्तक नाही. लोक वाचतात निधनाची पत्रकं! कोणी गेलं की त्याचा फोटो असलेला कागद बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर, चर्चच्या फाटकावर आणि चौकातल्या लिंडनच्या झाडावर लागतो. मग चाळिसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, वर्षानं आणखी एक. घाईत असलेला माणूससुद्धा त्यापुढे थबकतो. तेव्हा आपला कागदही तिथेच लावायचा, त्याच मापाचा, वक्त्याच्या फोटोसकट. थांबतील कसे नाहीत!

वक्ताही त्यानं तोलामोलाचा गाठला होता. प्राध्यापक अस्पारूख देलिबाल्तोव, तारे बघून बघून म्हातारा झालेला माणूस. मूळचा ड्रेनाकचा, पण शिकायला म्हणून प्लोव्हदिवला गेला तो परत फिरकला नव्हता. त्यांनी मोठ्या उत्साहानं स्वतःचा फोटो पाठवला, तोही डोक्यावर भरघोस केस असतानाचा.

गावात छापायचं यंत्र एकच. ते गानचोकडे, आणि गानचोचं दुकान शवपेट्यांचं.

"कडेनं छान निळी चौकट घाल, आकाशासारखी," झाप्रियान म्हणाला.

"निळी शाई नाही," गानचो म्हणाला. "आमच्या गिऱ्हाइकांना निळी लागत नाही."

"मग चौकट नको."

"चौकट आपोआप येते. ती काढायची कशी, ते मुलानं मला शिकवलेलंच नाही."

कागद बाहेर आला. जाड काळी चौकट, मधे प्राध्यापक, खाली नाव. त्याखाली 'ताऱ्यांच्या वाटेवर'. मग शुक्रवार, संध्याकाळी पाच, वाचनालयाचं सभागृह. आणि सगळ्यात खाली, प्रवेश सर्वांना मोफत.

"काय भारदस्त दिसतंय!" झाप्रियान म्हणाला.

वेलिच्कानं मात्र घरी कागद बघून कपाळाला हात लावला. "अरे, हा माणूस बोलायला येणार आहे की पुरून घ्यायला?"

"तुला सौंदर्यदृष्टीच नाही!"

"असती तर तुझ्याशी लग्न केलं असतं का?"

मंगळवारी कागद लागले आणि झाप्रियान बेकरीच्या कोपऱ्याआडून बघत बसला. काय सांगू तुम्हाला! जो येईल तो थांबायचा. बायका तोंडावर हात ठेवून 'अगंबाई' म्हणायच्या. खाटकानं तर चक्क टोपी काढली. "टोपी काढली! खगोलशास्त्रापुढे!" झाप्रियानचे डोळे भरून आले. बापानं हा दिवस बघायला हवा होता, असं त्याला मनापासून वाटलं.

शुक्रवारी साडेचारलाच सभागृह भरलं. खुर्च्या संपल्या, लोक खिडक्यांत बसले. आणि कपडे तर असे झकपक की विचारू नका, सगळे काळ्या सुटात, काळ्या झग्यांत! नुसतं व्याख्यान ऐकायला! झाप्रियान लग्नातल्या वरबापासारखा दारात उभा राहून हात मिळवत होता. लोकही त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबत होते.

तेवढ्यात त्सोंका मावशी आली. ही प्राध्यापकांच्या शाळेतली, त्यांच्याच बाकावरची.

"तू धीराचा आहेस हो झाप्रियान," ती नाक पुसत म्हणाली.

"धीर कसला मावशी, आज माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस आहे!"

मावशीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "प्यायलायस का रे?"

झाप्रियान हसणारच होता, पण त्याची नजर मावशीच्या हाताकडे गेली. हातात कार्नेशनची दोन फुलं. मागच्या बाईच्या हातात चार. खाटकाकडे सहा. जिवंत माणसाला फुलं द्यायची ती एक, तीन, पाच! जोडीनं फुलं मिळतात ती फक्त एकाच प्रकारच्या माणसाला, आणि तो माणूस ती घ्यायला उठत नाही.

"मावशी," त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "ही फुलं कुणाला?"

"कुणाला म्हणजे? अस्पारूखला! कशानं गेला रे? पत्रकावर तेवढंच नव्हतं. पण घरचे मोठ्या मनाचे हो! 'प्रवेश मोफत' असं लिहिणारं मयत मी पहिल्यांदाच बघतेय. मी गहू शिजवून आणलेत." तिच्या टोपलीत प्लास्टिकचे पेले होते. मयताच्या नावानं वाटायचे उकडलेले गहू, वर पिठीसाखर, अक्रोड. "शाळेत असताना दुर्बीण करायची म्हणून आमच्या चुलीचं धुराडं पळवलं होतं मेल्यानं! अख्खा हिवाळा आम्ही धुरात काढला. जन्मात माफ करणार नव्हते. पण आता गेलाच बिचारा, तर केलं माफ!" आणि मावशी हुंदके देऊन रडायला लागली.

आता करावं काय? खरं सांगावं तर सभागृह पाच मिनिटांत रिकामं आणि सोमवारी आरसे. न सांगावं तर पाहुणा स्वतःच्याच दिवसाला हजर होणार! झाप्रियाननं ठरवलं की बाहेर धावायचं, प्राध्यापकांना बसथांब्यावरच गाठायचं आणि काहीतरी थाप मारायची. कुठली, ते धावताना सुचेल.

पण दारातच नगराध्यक्ष राद्को! त्यानं गर्दी बघितली, फुलं बघितली, रडणाऱ्या बायका बघितल्या. निवडणूक येत्या शरद ऋतूत होती. त्यानं खिशातून रुमाल काढला, झाप्रियानला दंडाला धरून ओढत व्यासपीठावर नेलं आणि ध्वनिक्षेपक स्वतःच हातात घेतला.

"बंधूंनो, भगिनींनो! अस्पारूख आणि मी एकत्र वाढलो..."

राद्को त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होता. पण अशा वेळी हिशेब कोण करतो!

"...ड्रेनाकचा हा तारा आज निखळला! आणि काही लोक म्हणतात, या सभागृहात व्यायामशाळा काढा. लाज वाटली पाहिजे त्यांना!" खिडकीत बसलेल्या त्याच्या भाच्यानं मान खाली घातली. "आजपासून हे सभागृह अस्पारूख देलिबाल्तोव यांच्या स्मृतीला अर्पण! इथे व्याख्यानंच होतील! कायमची! हा माझा शब्द!" आणि मावशीनं पुढे केलेला पेला घेऊन, "देव त्यांना क्षमा करो," असं म्हणत राद्कोनं गव्हाचा घास चावला.

झाप्रियान तोवर खुर्च्यांमधून रांगत मागच्या दाराकडे निघाला होता. पण उशीर झाला. दारात एक टकला म्हातारा उभा होता, काखेत चित्रफितीचं यंत्र. फोटोतल्या केसांपैकी एकही त्याच्याबरोबर आलेला नव्हता, त्यामुळे त्याला ओळखणार कोण? शेजारच्या बाईनं त्याच्या हातात पेला आणि चमचा दिला.

"देव त्यांना क्षमा करो," बाई म्हणाली.

"देव क्षमा करो," म्हातारा रीतीप्रमाणे म्हणाला आणि खायला लागला. प्रवासात भूक लागलेली. तीन-चार चमचे पोटात गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"प्राध्यापक देलिबाल्तोव."

चमचा हवेतच राहिला. "कुठले?"

"ताऱ्यांवाले."

"अरेरे. कधी?"

"मंगळवारी पत्रक लागलं."

प्राध्यापक विचारात पडले. शास्त्रज्ञ माणूस, एवढा पुरावा समोर असताना एकदम 'नाही' म्हणून टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी स्वतःची नाडी बघितली. "पण मंगळवारी तर मी दाताच्या डॉक्टरकडे होतो," ते अखेर मोठ्यांदा म्हणाले.

हा आवाज त्सोंका मावशीनं बाकावर बसून आठ वर्षं ऐकला होता. ती गर्रकन वळली. "धुराडंचोर!" ती किंचाळली. "जिवंत आहे मेला!"

मग जे झालं त्याला गोंधळ म्हणणं म्हणजे बाल्कन पर्वताला उंबरठा म्हणणं! कोणी छातीवर क्रूस काढला, खाटक मटकन खाली बसला. दोन बायकांनी प्राध्यापकांना चिमटे काढून खात्री करून घेतली. मावशी हातातली फुलं त्यांच्या डोक्यात घालत ओरडत होती, "माफी परत घेतली! आण माझं धुराडं!"

राद्कोचा चेहरा मात्र उजळला. त्यानं ध्वनिक्षेपक पुन्हा तोंडाशी धरला. "म्हणजे ही सगळी माणसं मयताला आलीत, व्याख्यानाला नाही! खुर्च्या धरल्या जाणार नाहीत. आणि जिवंत माणसाची स्मृती नसते, तेव्हा माझा शब्दही रद्द. सोमवारी वजनं येतील!"

झाप्रियान मधल्या वाटेत तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. संपलं, बापाचं सभागृह गेलं, आणि तेही आपल्याच शहाणपणानं!

"ए राद्को!" त्सोंका मावशीचा आवाज आला. ती फुलांचे दांडे कंबरेवर ठेवून उभी होती. "गहू खाल्लास ना?"

"खाल्ला. पण मावशी..."

"गिळलास ना? मग! गव्हाच्या घासावर दिलेला शब्द मागे घेतलेला या गावात कोणी ऐकलाय?"

"नाही!" सभागृह गरजलं.

"अहो, पण ज्याच्या नावानं खाल्ला तो जिवंत आहे!"

"आज आहे!" मावशी म्हणाली. "सत्तरी उलटून गेलीय त्याची. तुला अशी घाई काय आहे?"

राद्कोनं सभागृहभर नजर फिरवली. काळ्या कपड्यातले एवढे मतदार त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्यानं घाम पुसला. "बरं! तडजोड करू. हे प्राध्यापक हिंडतेफिरते आहेत आणि दर महिन्याला इथे येऊन बोलताहेत, तोवर सभागृह वाचनालयाचं. त्यांचं बोलणं थांबलं की भाच्याचं. झालं समाधान?"

"मला मान्य आहे," प्राध्यापक म्हणाले. टकलावर कार्नेशनची पाकळी, हातात रिकामा पेला. "आणखी गहू मिळतील का?"

मग त्यांनी यंत्र लावलं, दिवे मालवले आणि दीड तास तारे दाखवले. कोणी उठलं नाही. आधीच रडून मोकळे झालेले लोक, घरी जाऊन तरी काय करणार! शनीची कडी दिसली तेव्हा खाटकानं दुसऱ्यांदा टोपी काढली, आणि या खेपेला ती खरोखरच खगोलशास्त्रापुढे होती. अंधारात झाप्रियान मनमुराद रडला.

निरोपाला अख्खं गाव बसथांब्यावर लोटलं. प्राध्यापकांनी पायरीवर पाय ठेवला, हात हलवला, आणि तेवढ्यात त्यांना शिंक आली.

एकच शिंक! "थांबवा बस!" झाप्रियान ओरडला. त्यानं स्वतःचा कोट काढून प्राध्यापकांना घातला, वर वेलिच्काचा मफलर ओढून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला. "सर, खिडकी उघडायची नाही! उतरल्यावर गरम सूप! गोळ्या वेळेवर घ्या! मी रोज फोन करीन, सकाळी आणि संध्याकाळी!" कोणी मध आणला, कोणी राकिया, त्सोंका मावशीनं तर धुराड्याची गोष्ट तात्पुरती बाजूला ठेवून पायमोजे दिले.

बस गेली. बोचऱ्या वाऱ्यात उघड्या गळ्यानं उभी असलेली वेलिच्का नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिला शिंक आली. एक नाही, लागोपाठ तीन.

झाप्रियान बसच्या दिव्यांकडे बघत होता. "शू!" तो म्हणाला. "त्यांना पुन्हा आली का, ते ऐकू दे."