पंजाबरावांनी गॅस बंद ठेवला

पंजाबरावांनी ठरवलं, आता बास. मे महिना सरेपर्यंत या घरात गॅस पेटवायचा नाही.

धाड गावच्या मे महिन्यात टिनाच्या घरात स्वयंपाक करायचा, म्हणजे वरण शिजायच्या आधी स्वयंपाक करणारा शिजतो. अन् एवढं घामाघूम होऊन रांधायचं कोणासाठी, तर एकट्या जिवासाठी! बायको जाऊन दोन उन्हाळे उलटले होते. मुलगी मनाली पुण्याला. तिचा फोन रविवारी यायचा आणि ‘बाबा, पाणी पीत जा’ एवढं सांगून संपायचा. नांदुऱ्याच्या थोरल्या भावाशी, माणिकरावांशी, तर कित्येक वर्षं बोलणंच नव्हतं.

मग पंजाबरावांनी डोकं चालवलं. सकाळी दह्यात भिजवलेले पोहे. दुपारी ताकात ज्वारीच्या लाह्या. संध्याकाळी भिजवलेली मूगडाळ, वरून किसलेली कैरी, कांदा आणि सोबत काकडी. घर थंड, भांडी कमी, पोट शांत. झकास बेत होता. फक्त ‘काय डोकं लावलं हो तुम्ही’ असं म्हणायला घरात कोणी नव्हतं. काकडी चावल्याचा आवाज तेवढा व्हायचा, आणि तो स्वतःलाच ऐकू यायचा.

तेवढ्यात डोक्यात घामोळ्या उठल्या. न्हाव्याकडे जाऊन त्यांनी सगळे केसच काढून टाकले. डोक्याला वारा लागला, फार बरं वाटलं.

शेजारच्या ताहेराला पंजाबरावांच्या घरातलं सगळं खिडकीतून कळायचं. फोडणी करपली तरी कळायचं आणि मीठ विसरले तरी त्यांच्या बडबडीवरून कळायचं. तीन दिवस कुकरची शिट्टी नाही, फोडणीचा वास नाही. आणि आज काका ओट्यावर बसलेले, डोकं भादरून. आता याचा अर्थ सांगायला पंचांग लागतं का? ज्या घरात मयत होतं, तिथे चूल पेटत नाही; शेजारी तीन दिवस भाकरी आणतात. या गल्लीत हिंदू असो, मुसलमान असो की बौद्ध, ही रीत सगळ्यांची एकच. ताहेराने काही विचारलं नाही. असं विचारतही नाहीत. तिने गपचूप पिठलं टाकलं, गरम भाकरी थापल्या आणि ताट झाकून आणलं.

“काका, दोन घास खाऊन घ्या.”

“अवं पोरी, हे काऊन आनलं?”

“काही बोलू नोका. मले समजलं सारं.”

पंजाबरावांना वाटलं, उकाड्याचं समजलं. ते म्हणाले, “काय करतं मंग? आता सहन होत नाही पोरी.”

ताहेराने डोळ्यांना पदर लावला. “नांदुऱ्याचे मोठे काका का?”

तेव्हा कुठे पंजाबरावांच्या टकुऱ्यात उजेड पडला. ‘नाही बाई, माणिकभाऊ धडधाकट असन,’ असं सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ताहेराचा नवरा शाकिर थंड पाण्याची कॅन घेऊन आला. समोरची सुचिता सतरंजी घेऊन आली आणि अंथरून बसलीसुद्धा. घरात एकदम चार माणसं झाली. खरं सांगितलं तर ही माणसं पोट धरून हसतील, ताट ठेवतील आणि आपापल्या घरी जातील. मग दार आहे, आपण आहोत आणि काकडी आहे. पंजाबरावांनी तोंड मिटलं आणि एक मोठा उसासा टाकला. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावला.

“मातीले नाही गेले, काका?” सुचिताने हळूच विचारलं.

“त्याईले उशिरा समजलं असन,” ताहेरानेच उत्तर देऊन टाकलं. “बोलनं नव्हतं ना दोघाईचं.”

संध्याकाळी आणखी माणसं बसायला आली. कोणी विचारलं, “कसा होता हो भाऊ?” आता काहीतरी सांगणं भाग होतं. पंजाबराव सांगू लागले. लहानपणी उन्हाळ्यात वावरातल्या खोपीत झोपायचो, भाऊ स्वतःचा दुपट्टा ओला करून माझ्या अंगावर टाकायचा आणि आपण उघडा लोळायचा. पुढे भावाच्या पोरीच्या लग्नात गडबडीत मला मानाची टॉवेल-टोपी द्यायची राहिली, आणि मी जेवणाच्या पंगतीतून उठून आलो तो आलोच. हे सांगता सांगता पंजाबराव ढसाढसा रडले. सोंग कधी संपलं ते त्यांचं त्यांनाच समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाकिर म्हणाला, “काका, फिकर नोका करू. नांदुऱ्याच्या जीपवाल्याले सांगतलं मी, घरच्याईले निरोप दे म्हनून. काका जेवून राह्यले म्हना.”

पंजाबरावांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. तेव्हापासून बाहेर गाडी थांबली की ते खिडकीतून वाकून बघायचे. पण लोक येतच होते, आणि लोकांना जा म्हणवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक उंच म्हातारा डोक्याला दुपट्टा बांधून दारात उभा राहिला. पंजाबरावांचा हात ताटातच थांबला.

“या बाबा, बसा,” शाकिर म्हणाला. “नांदुऱ्याचे का?”

“हाव.”

“मोठ्या काकाले वळखत होते?”

“जन्मापासून.”

“कायनं गेले हो?”

म्हाताऱ्याने पंजाबरावांकडे टक लावून पाहिलं. “मलेबी आजच समजलं.”

ताहेराने त्यालाही ताट वाढलं. “आमचे काका तं रडू रडू अर्धे झाले. म्हनतात, एका टोपीपायी भाऊ गमावला.”

म्हातारा खाली मान घालून जेवला, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

माणसं उठून गेल्यावर माणिकराव भावाकडे वळले. “काऊन बे, जित्या मानसाले मारून टाकलं?”

“मी नाही मारलं, भाऊ. मी फकस्त गॅस बंद केला.”

“अन् हे टक्कल?”

“घामोळ्या झाल्या.”

माणिकरावांना हसू आवरेना. पंजाबरावही हसले, मग चाचरत म्हणाले, “वयनी कशी हाय?”

“गेली. मागच्या दिवाळीत.”

“मले निरोप नाही देल्ला?”

“देल्ला असता अन् तू आला नसता तं? म्हनून नाही देल्ला.”

 माणिकरावांनी ताटातलं उरलेलं पिठलं बोटाने पुसून खाल्लं.

“हे लोकं आनखी किती दिवस आनतीन?”

“आज शेवटचा.”

“मंग उद्या चाल माह्यासंग नांदुऱ्याले.”

“काऊन?”

“तिथं तुले आता कोनी वळखत नाही. सांगू, धाडचा भाऊ गेला म्हनून.”

पंजाबराव पिशवीत कपडे भरायला उठले.