डावा कान, उजवा कान

संगीतशाळेत व्हायोलिन शिकवायची जागा निघाली होती. अर्जासोबत वाजवल्याचं रेकॉर्डिंग हवं होतं, शुक्रवारी पाचच्या आत. बायको सरळ फोनवरच रेकॉर्ड करणार होती. नवऱ्याने मात्र चांगला माइक आणायचं अंगावर घेतलं. तो चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावायचा; यंत्रातलं आपल्याला कळतं, अशी त्याची समजूत होती.

दुकानदाराने स्वस्तातले तीन माइक पुढे मांडले. एक फोनला जोडायचा, एक कॉम्प्युटरला, आणि तिसरा स्वतःच रेकॉर्ड करणारा. तिन्ही स्टिरिओ, म्हणजे एकाच्या पोटात दोन.

"व्हायोलिन एकच आहे. दोन कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"कान किती आहेत तुम्हाला?"

ज्याला वायर नव्हती तो तिसरा माइक घेऊन तो घरी आला.

शुक्रवारी दुपारी त्याने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उशीखाली दाबलं आणि बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. बायकोने डोळे मिटून वाजवलं. संपल्यावर त्याने पुन्हा बटण दाबलं. दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर झाला. झालं म्हणायचं.

मग त्याला शंका आली. माइकवरची डावी बाजू म्हणजे माइकची डावी, वाजवणाऱ्याची की ऐकणाऱ्याची? बायकोने समजावलं. त्याला पटलं, आणि माइक फिरवताना तो पुन्हा विसरला. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, मनगटावरचं घड्याळ कोणत्या हातात ते विचारलं, व्हायोलिनची जाड तार कोणत्या कानाच्या बाजूला ते विचारलं. तो दरवेळी वेगळं उत्तर देत होता. ती दरवेळी पहिल्यापासून सुरू करत होती. अखेर डोक्यात प्रकाश पडला, तेव्हा पाचला दहा कमी होते. पहिलंच रेकॉर्डिंग पाठवायचं ठरलं. ते ऐकून बघायला वेळ नव्हता.

पाठवून झाल्यावर त्याने माइकसोबतचा कागद वाचला. दिवा लुकलुकतो तेव्हा माइक नुसता तयार असतो. रेकॉर्डिंग बटण दुसऱ्यांदा दाबल्यावर सुरू होतं. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि बायकोच्या हातात दिला. तिने तो वाचला, नीट घडी घातली आणि व्हायोलिनच्या पेटीत ठेवला. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगीतशाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनचा एक सूरही नाही, असं त्यांनी सांगितलं. बायकोने माफी मागायला सुरुवात केली, पण बाईंनी तिला थांबवलं. चांगलं वाजवणारे सतरा जण आलेत, त्या म्हणाल्या, पण पंचवीस मिनिटं आवाज न चढवता एकच गोष्ट शिकवणारं कुणी नव्हतं. वाजवणं आम्ही सोमवारी समोर बसून ऐकू.

"तो मुलगा केवढा आहे हो?" त्यांनी विचारलं.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"बेचाळीस," ती म्हणाली.

मग बाईंनी जपून विचारलं, "मोठ्यांचाही वर्ग घ्याल का?"