तीन तास वीस मिनिटं

मधुकररावांनी पुनारामला मेमो दिला तेव्हा सगळ्या वर्कशॉपला वाटलं, म्हातारा आता गेला कामातून.

प्रकरण असं होतं. खाणीसाठी हवेची टाकी बनत होती. वेल्डिंगनंतर ती भट्टीत दोन तास तापवायची होती. त्याआधी तशाच वेल्डची एक चाचणी-प्लेट तापवून, वाकवून, ओढून पाहायची. नियम असा की टाकी एकूण जितका वेळ तापेल, त्याच्या निदान ऐंशी टक्के वेळ प्लेट तापलेली हवी. म्हणजे शहाण्णव मिनिटं. मधुकरराव क्वालिटीचे इंजिनिअर. त्यांच्या घरी चहासुद्धा घड्याळ लावून उकळे. पुनाराम जेवून भट्टीपाशी बसला आणि त्याला डुलकी लागली. प्लेट तीन तास वीस मिनिटं आत राहिली.

"साहेब, जरासा डोया लागला. पन जास्तच तं शेकली, कमी नाई."

"शहाण्णव म्हणजे शहाण्णव!"

मधुकररावांनी इंग्रजीत मेमो टाइप केला, पुरावा म्हणून भट्टीचा वेळ-तापमानाचा ग्राफ त्याला टाचला आणि प्लेट भंगारात टाकली. दुसरी प्लेट मोजून शहाण्णव मिनिटं तापवून पास करून घेतली.

मग टाकीचीच एक नळी वाकडी निघाली. कापली, पुन्हा वेल्ड केली, पुन्हा दोन तास भट्टीत. एकूण झाले चार तास.

टाकी तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने फाइल मिटली. "प्लेट कम से कम तीन घंटे बारह मिनट तपी होनी चाहिए. परसों आऊँगा. नहीं तो टंकी रिजेक्ट."

दुसरी प्लेट चाचणीत तुटून गेली होती आणि नवी करायला त्या जातीचं पोलाद उरलं नव्हतं. मधुकररावांच्या सहीची ही पहिलीच टाकी. मग त्यांना ती जुनी प्लेट आठवली. ते भंगाराकडे धावले, पण प्लेट तिथे नव्हती.

"थे? मीच घरी नेलती," पुनाराम म्हणाला. "कूलरच्या पायाखाली हाय."

"आणि ग्राफ?"

"मेमोले टाचला होता न साहेब." पुनारामने नजर वळवली. "थोबी घरीच हाय."

पुनारामच्या घरी प्लेट कूलरखाली होती, तिच्यावर ठोकलेल्या नंबरासकट. आणि मेमो भिंतीवर होता, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, ग्राफसह, काचेच्या फ्रेममध्ये.

"या साहेब, बसा! चाय ठेवतो," पुनारामची बायको कमला म्हणाली. "तीस सालात पैल्यांदा यायले सर्टिफिकेट भेटलं. मीच मढवून आनलं. पन इंग्रजीत हाय, मले समजत नाई. तुमीच वाचून दाखवा न."

पुनाराम दारात मान खाली घालून उभा होता.

मधुकररावांनी घसा खाकरला. "पुनाराम यांनी चाचणीची प्लेट शहाण्णव मिनिटांऐवजी तीन तास वीस मिनिटं तापवली..." इथवर अक्षर न् अक्षर खरं होतं. पुढचा शब्द होता 'निष्काळजीपणे'. कागदावर नसलेलं त्यांनी जन्मात कधी वाचलं नव्हतं.

"दूरदृष्टीने," ते म्हणाले. "त्यामुळे कंपनीची टाकी वाचली."

कमलाने डोळ्याला पदर लावला. ग्राफसाठी फ्रेम न्यायची म्हटल्यावर मात्र ती हळहळली. "भित बोडकी दिसन न साहेब."

मधुकररावांनी पुनारामच्या नातीच्या वहीचं पान मागून घेतलं आणि वाचलेलं सगळं मराठीत लिहून खाली सही केली. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, आणि बऱ्याच दिवसांनी बरंही वाटत होतं. पुनारामने पान घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलं.

"साहेब, येळ टाकाची राह्यली."

मधुकररावांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. 'दुपारी, जेवणानंतर,' त्यांनी लिहिलं.