वरच्या रस्त्याचा ड्रायव्हर

गेल्या मे महिन्यात एका सकाळी आमच्या फाटकासमोर तीन गाड्या, डिचोलीची बस आणि सायकलीवरून पाव विकणारा पोदेर असे सगळे तोंड वर करून उभे होते. वर बाबली लोंबकळत होता. वय अडुसष्ट, अंगात खाकी हाफपँट, दातांत सोललेलं केळं. रस्त्यावर आडव्या बांधलेल्या दोरीला हातापायांनी मिठी मारून तो उलटा सरकत होता, आणि त्याच्या घराकडच्या जांभळीवर बसलेले पंधरा वानर टक लावून ते बघत होते.

"अरे बाबली, पडशील मेल्या!" मी ओरडलो.

"मास्तर, मदी बोलू नकात! डेमो चालू आसा!" केळ्याआडून आवाज आला.

वानराला दोरीवरून जायला शिकवणारा हा जगातला पहिलाच माणूस असावा. विचारलं तर म्हणतो कसा, "आदी आपण करून दाखवूक जाय. त्यांका पुस्तक वाचूक येता काय?"

बाबली माझा समोरचा शेजारी. मध्ये फक्त रस्ता. एकोणतीस वर्षं त्यानं खाणीवर टिपर चालवला. खाण बंद पडली, टिपर विकला गेला, पण हा गडी काही स्टिअरिंगवरून उतरला नाही. पोट भरलं की "लोड फुल झालो" म्हणतो. लग्नात कुणी वाटेत उभं राहिलं की "साईड दी रे!" त्याची बायको वारली तेव्हा मी भेटायला गेलो, तर म्हणाला, "मास्तर, गाडी न्यूट्रलात पडली." मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला आहे. गणपतीला येतो आणि दीड दिवसाच्या गणपतीबरोबरच परत जातो.

तेव्हा घरात बाबली आणि छपरावर वानरांचा कळप, असा त्याचा संसार. सगळ्यांना नावं ठेवलेली. मोठा नर तो फोरमन. त्याच्या मागेमागे फिरणारा तो क्लीनर. एक म्हातारी वानरीण बसली की बसलीच, ती हँडब्रेक. ही मंडळी छपराचे नळे फोडायची, भाकरी पळवायची, आणि बाबली सकाळपासून त्यांचा उद्धार करायचा. त्या शिव्या रस्त्यापलीकडे मला ऐकू यायच्या. बाबलीची तब्येत बरी आहे हे मला त्यावरूनच कळायचं.

पूर्वी माझ्या फाटकाजवळचा आंबा आणि त्याची जांभळ यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींत गुंतलेल्या होत्या. वानर वरूनच यायचे-जायचे. माझ्या घरामागे डोंगर, तिथं भिरंडं, करवंदं, झऱ्याचं पाणी. मग रस्ता रुंद झाला, बाबलीच्या बाजूची मोठी झाडं गेली, आंबा-जांभळीच्या फांद्या छाटल्या आणि कळप तिकडेच अडकला. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. माझे नारळ जन्मात पहिल्यांदा माझ्या घरात आले.

पण भूक कुणाला गप्प बसू देते? वानर खाली उतरून रस्ता ओलांडायला लागले. गाड्या काय थांबतात! बाबली रोज सकाळी येऊन माझ्या पायरीवर बसायला लागला.

"मास्तर, तुमच्या आंब्याची एक फांदी दिया. दोरी बांदतंय."

"आणि माझे नारळ?"

"नारळ काय, परत धरतले."

"म्हणजे माझ्या जिवावर तुझ्या माकडांची पंगत? चल, ऊठ!"

तो चहा पिऊन उठायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हजर.

एकदा भर दुपारी माझ्या फाटकासमोरच एक वानरीण गाडीखाली आली. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. बाबलीनं तिला आपल्या पंच्यात गुंडाळलं, पोफळीच्या कुळागरात खड्डा खणला, मीठ घालून पुरलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याची मिशी गायब! टिपरवर चढल्या दिवसापासून राखलेली मिशी हो ती.

"सुतक आसा," तो म्हणाला.

दहा दिवस त्यानं मासळीला हात लावला नाही. गोव्यात माणूस दहा दिवस नुस्त्याशिवाय जेवतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं. अकराव्या दिवशी तो गुळगुळीत तोंडानं माझ्यासमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "मास्तर, फांदी."

"घे," मी म्हटलं.

"आणि नारळांचं काय?" बायकोनं आतून विचारलं.

"खड्ड्यात गेले नारळ!" मी म्हटलं. माझ्याच्यानं त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

ताडपत्री बांधायच्या जुन्या दोऱ्या पिळून त्यानं मनगटाएवढा जाड दोर केला. बांधून झाल्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. अख्खी वाडी जमली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरांक वरची वाट करून दिल्या, ती त्यांका उमजान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचो हात सुटात, पाय घसरात, तर तू खालसून सांबाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी मास्तराचे नारळ गेले, तर मास्तराक सबुरी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बायकोचा होता.

मग तो डेमो झाला. आठ दिवस एकही वानर दोरीकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी हँडब्रेक उठली, शेपटी वर केली आणि तरातरा चालत माझ्या आंब्यावर आली. मागोमाग फोरमन, क्लीनर, पोराबाळांसकट सगळे. बाबली खाली उड्या मारत होता, "टॉप गियर! टॉप गियर!" आणि मी, माझे नारळ जाणार हे पक्कं ठाऊक असताना, त्याच्याबरोबर टाळ्या वाजवत होतो.

कळप डोंगरावर गेला. संध्याकाळी परतला नाही. आठवडा झाला, महिना झाला, नाहीच. दाणापाणी, झाडं, सगळं तिकडेच होतं, येतील कशाला? येताजाता माझे चार नारळ फोडायचे तेवढे फोडतात.

समोरून शिव्या ऐकू येईनात. मी घाबरून गेलो बघायला. बाबली दारापुढच्या बाल्कांवात बसला होता, ताटात एक भाकरी तशीच.

"केळी लावून बोलवूया का त्यांना?" मी विचारलं.

"छ्या! जाणाऱ्याक खय चल्लास म्हणान इचारूचा नसता." मग छपराकडे बघत म्हणाला, "नळे वाजनत नाय मास्तर. झोप येना नाय."

मी भाकरी त्याच्या पुढे सरकवली.

आता तो रोज सकाळी साडेसातला माझ्याकडे येतो, दोरीची गाठ तपासायला म्हणून. गाठ बघायला लागतो एक मिनिट. बसतो दहा वाजेपर्यंत. डोंगरावर कुठं फांदी हलली की "तो बघा फोरमन, मेलो जाडो झालो!" म्हणून खूश होतो. पण येताना त्याची नजर सगळा वेळ वर, दोरीवर. खाली गाडी येते की रणगाडा, याचा पत्ता नाही. दोनदा तर अगदी त्याच्या अंगाजवळ ब्रेक कचकचले.

म्हणून साडेसातला मी आधीच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहतो, दोन्ही हात वर करून. गाड्या थांबतात. लोक काच खाली करतात, झाडांत शोधतात, मोबाइल काढतात, कोण जनावर चाललंय म्हणून विचारतात.

"जनावर नाही हो," मी सांगतो, "जरा थांबा, आमचा बाबली येतोय."