विषय: निरोपसमारंभातील रडण्याबाबत

करुणा बालसदनातल्या मुलांनी रडणं बंद केलं आहे, ही गोष्ट व्यवस्थापक कमळाकर याच्या लक्षात सर्वांत उशिरा आली. आधी ती परदेशी पाहुण्यांच्या लक्षात आली, त्यांच्याकडून कल्याणला बसणाऱ्या चिटणीसांच्या, आणि चिटणीसांनी ती फोन करून कमळाकरच्या लक्षात आणून दिली.

"मागच्या टीमचा अभिप्राय आलाय," चिटणीस सुनिल सर म्हणाले. "परिसर रम्य, भात रुचकर, डास सुसह्य. पण निरोपाच्या वेळी एकही मूल रडलं नाही. भावनिक बंध प्रस्थापित झाल्याचं आढळत नाही, असं लिहिलंय त्यांनी."

"सर, मुलं हात हलवत होती."

"हात ती एसटीलाही हलवतात. आपण मिशन आहोत, स्टँड नाही. पुढच्या निरोपाला रडणं दिसलं पाहिजे."

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की डोंगर जवळ यायला लागतात, तिथं रस्त्याला लागून हे बालसदन आहे. एका मिशनरी बाईंनी ते सुरू केलं तेव्हा आसपासच्या पाड्यांवर शाळा नव्हती आणि पोरं खरोखर उपाशी झोपत. पुढे बाई देवाघरी गेल्या, शाळा आल्या, रस्ते आले, पण बालसदन राहिलं आणि त्याला टीमा येऊ लागल्या. टीम म्हणजे एकसारखे टी-शर्ट घातलेली दहाबारा भली माणसं. आठवडाभर राहून सेवा करतात. भली म्हणतोय ते मनापासून. वाईट माणसं विमानानं येऊन कुणाचं फाटक रंगवत नाहीत. आता ते फाटक इतक्या टीमांनी रंगवलंय की रंगाच्या थरांनी जाड होऊन बंदच होत नाही, हा भाग वेगळा. शिवाय प्रत्येक टीम मुलांना दात घासायला शिकवते. त्यासाठी आलेले ब्रश एवढे साठलेत की स्वयंपाक करणारी सुंदरामावशी त्यांनी खिडक्यांच्या जाळ्या घासते. मुलांना दात घासण्याचं गाणं तीन देशांच्या उच्चारांत येतं आणि समोरची टीम कुठली हे बघून ती बरोबर उच्चार काढतात.

पहिल्या टीमा गेल्या तेव्हा मुलं रडली होती, रडली कशी नाहीत? आठवडाभर कडेवर घेणारी, केसांत पिना लावून देणारी, "मी परत येईन" म्हणणारी बाई बसमध्ये बसून निघाली की कुणाचंही लेकरू रडेल. मुलं रडली आणि वाट बघत राहिली. गाडीचा आवाज आला की जेवण टाकून फाटकाशी पळायची. येणारी टीम दुसरीच असायची. असं पुष्कळदा झाल्यावर मुलांनी आपापल्या परीनं शहाणपण शिकून घेतलं. त्यातली पूजा तर आलेल्या पाहुण्यांचं सामान उतरत असतानाच विचारायची, "तुमी कधी जानार?"

"काय म्हणतेय ती?" पाहुणे कौतुकानं विचारत.

"विचारतेय, तुम्ही कायमचे राहाल का," कमळाकर भाषांतर करी. पाहुण्यांचे डोळे तिथल्या तिथं भरून येत. अडचण मुलांच्या डोळ्यांची होती.

कमळाकर आज्ञाधारक माणूस. वरून सूचना आली की अंमलबजावणी करायची, एवढंच त्याला आयुष्यात नीट जमलं होतं. त्यानं संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर रडण्याचा सराव ठेवला. मुलं एकमेकांची वेडीवाकडी तोंडं बघून हसहसून लोळली. मग त्यानं निरोपाआधी सगळ्यांना कांदे चिरायला बसवलं. पण सुंदरामावशीच्या हाताखाली रोज कांदे चिरणारी पोरं ती, त्यांनी चिरून दिले आणि "लसूण पन सोलायचा का?" म्हणून विचारलं.

"भाऊ, जिवलीला पुढं उभी करा," मावशीच शेवटी म्हणाली. "ती अजून रडते."

खरंच की. जिवली रडत होती, प्रत्येक टीमला. मागच्या रांगेत खांबाआड उभी असायची म्हणून कुणाला दिसली नव्हती, इतकंच. आणि का रडते हेही कमळाकरला ठाऊक होतं. तिची आई मंगळी नवरा वारल्यावर वीटभट्टीवर कामाला गेली, तेव्हा पोरीला इथं सोडून जीपमध्ये बसली आणि जीप सुरू झाल्यावर तिनं हात हलवला. तेव्हापासून गाडी सुरू होऊन कुणीही हात हलवला की जिवलीला हुंदका फुटे. टीमशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

कमळाकरनं जिवलीला खांबाआडून हाताला धरून आणलं. मग त्यानं तिला पहिल्या रांगेत मधोमध उभं केलं.

परिणाम अपेक्षेपेक्षा चांगला झाला. जिवली सुरू झाली की शेजारी उभी असणारी अपेक्षा नावाची मुलगी रडू लागे, अपेक्षामागून भावेश, आणि बस फाटकाबाहेर पडेपर्यंत अर्धी पडवी रडत असे. अभिप्राय आला: "भावनिक बंध अत्युच्च." सुनिल सरांनी अभिनंदन केलं. जिवलीला सकाळी पेलाभर दूध सुरू झालं, पावसात भिजायला बंदी झाली. सर्दी होऊन नाक आधीच लाल असेल तर रडण्याचा ठसा उमटत नाही, असं कमळाकरचं निरीक्षण होतं.

आणि जूनच्या एका रविवारी मंगळी दारात उभी राहिली.

"पोरीला न्यायाला आलंय भाऊ," ती म्हणाली. चेहरा उजळला होता बाईचा. "वाशिंदला कंपनीत लागलंय, पॅकिंगला. खोली घेतली. शाळा पन जवळच हाय. आता नाय ठेवायची हिला इथं."

जिवली आईच्या पदराला अशी चिकटली की दोघींना वेगळं मोजायची सोय राहिली नाही. आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, ने बाई, देव तुझं भलं करो. कमळाकरच्याही तोंडावर तेच आलं होतं. पण परदेशातल्या सुट्ट्या जूनपासून सुरू होतात, आणि पडवीवर टीमच्या बॅगा रचलेल्या होत्या.

"ने ना, आईच आहेस तू. फक्त ही टीम जाऊ दे. पुढच्या रविवारी ने."

पुढच्या रविवारी दुसरी टीम आली होती. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी. मंगळी सुट्टीच्या दिवशी वाशिंदहून जीपला लटकत यायची आणि कमळाकर तिला स्वयंपाकघरामागं बसवायचा, कारण बालसदनाच्या माहितीपत्रकात सगळी मुलं निराधार होती आणि निराधार मुलीची आई अंगणात बसलेली बरी दिसत नाही. एकदा एका पाहुण्यानं विचारलंच, ही कोण? "भांडी घासायला येते," कमळाकर म्हणाला. झालं, आता भांडी घासणं आलं. मंगळीनं ढीगभर भांडी घासली. पाहुण्यांनी तिचा फोटो काढला आणि तिला एक ब्रश दिला.

"भाऊ, शाळा चालू झाली तिथली," ती जाताना म्हणायची. "पोरीची जागा जाईल."

"बघतो मी. पुढच्या रविवारी नक्की."

यातून एक प्रशासकीय अडचण उभी राहिली. आई जीपमधून जाताना जिवली इतकी रडायची की टीमच्या निरोपाला तिच्यात काही उरत नसे. एका शनिवारी तिनं नुसतं नाक ओढलं. सुनिल सरांचा तातडीनं फोन आला. कमळाकरनं खूप विचार केला, आणि आज्ञाधारक माणसानं खूप विचार केला की जे होतं तेच झालं. त्यानं टीमचं प्रस्थान शनिवारवरून रविवारी उपासनेनंतर ढकललं, आणि मंगळीला म्हणाला, "जीपला लटकत कशाला जातेस? टीमची बस वाशिंदवरूनच जाते. मागच्या सीटवर बसत जा."

मंगळीनं हात जोडले. त्या रविवारी बस सुरू झाली, पुढच्या खिडक्यांतून टीमनं हात हलवले, शेवटच्या खिडकीतून मंगळीनं. जिवली असं रडली की बघवेना. हेदर नावाची टीमप्रमुख पुन्हा खाली उतरली, तिला छातीशी धरून स्वतःही रडली आणि म्हणाली, "ही मुलगी मला कधीच विसरणार नाही." जिवली तिच्या खांद्यावरून शेवटच्या खिडकीकडं बघत होती.

कमळाकर तडक स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं चहा मागितला. सुंदरामावशीनं चहा दिला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. त्याची मान आपोआप खाली गेली. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली. पण लाज वाटल्यावर काय करायचं याची सूचना वरून आलेली नव्हती.

असे आणखी दोन रविवार गेले. तिसऱ्याला पाहुण्यांनी सगळ्या मुलांना भेटवस्तूंच्या पिशव्या दिल्या होत्या, त्यामुळे पहिल्या रांगेत जिवलीच्या हातात पिशवी आहे याचं कुणाला काही वाटलं नाही. त्या पिशवीत तिचे दोन फ्रॉक, कंगवा आणि पाटी होती. बस सुरू झाली, हात हलले. टीमनं कॅमेरे वर धरले. जिवली कोरड्या डोळ्यांनी कमळाकरकडं वळली.

"भाऊ, आज मी नाय रडनार," ती म्हणाली. "आज मी जाते."

आणि ती सरळ चालत बसमध्ये चढली, मधली वाट ओलांडून शेवटच्या सीटपर्यंत गेली आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या मांडीवर बसली.

आता काय करावं? पोरीला ओढून खाली आणायचं, तर दहाबारा कॅमेऱ्यांसमोर ती त्या बाईला का सोडत नाही हे सांगावं लागलं असतं. कमळाकरनं आजवर बोललेलं सगळं खोटं त्या शेवटच्या सीटवर जाऊन बसलं होतं. पाहुण्यांना वाटलं, पोरगी थोडं अंतर सोबत येतेय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बस निघाली. शेवटच्या खिडकीतून दोन हात हलत होते, एक मोठा, एक लहान, आणि जिवली खदखदून हसत होती.

मग मागं पडवीत जो आकांत उसळला, तसा त्या बालसदनानं कधी ऐकला नव्हता. सगळी मुलं रडली. काही जिवली गेली म्हणून रडली, आणि बाकीची, आपल्याला न्यायला कुणी अजून का येत नाही म्हणून. कमळाकरही तोंड फिरवून रडला. बसच्या मागच्या काचेतून हे सगळं टिपलं गेलं.

"अप्रतिम," सुनिल सर दुसऱ्या दिवशी म्हणाले. "व्यवस्थापकही रडले, असा खास उल्लेख आहे. हे कसं जमवलंस?"

"सर, एक मूल आईकडं गेलं."

"मग दर निरोपाला तसंच करत जा. प्रत्येक टीमबरोबर एक मूल. पद्धत बसवून टाक."

कमळाकरनं सूचना दोनदा विचारून पक्की केली आणि आयुष्यात प्रथमच एखादी सूचना चवीनं पाळली. त्यानं पाड्यापाड्यांवर निरोप पाठवले. अपेक्षाचे आईबाप उंबरमाळीहून आले, भावेशचा काका आटगावहून आला. आईबाप बसमध्ये आधीच जाऊन बसत, मूल रांगेतून निघून चढे, मागची मुलं टाहो फोडत आणि टीम तृप्त मनानं मायदेशी जाई. हेदरचं मात्र पत्र आलं, जिवली कशी आहे म्हणून. ती मजेत आहे, वाशिंदच्या शाळेत जाते, असं कमळाकरनं खरं कळवलं. पुन्हा पत्र आलं नाही.

वर्ष सरता सरता सुनिल सर जातीनं तपासणीला आले. "निरोप उत्तम चाललेत," ते रिकाम्या पडवीकडं बघत म्हणाले, "पण मुलं दिसत नाहीत."

"संपली सर. सूचना आपलीच होती."

एक उरली होती, पूजा. तिला न्यायला येणारं खरोखरच कुणी नव्हतं. कागदोपत्री ती बालसदनात राहते, झोपते सुंदरामावशीच्या घरी. शेवटच्या टीमचे अकरा जण तिच्याभोवती गोल करून बसले आणि आठवडाभर त्यांनी तिला दात घासायला शिकवलं. पोरीनं सगळ्यांचं मन राखलं.

परवा डोंबिवलीहून एका सद्गृहस्थांचा फोन आला. मुलाचा वाढदिवस आहे, हॉटेलात उधळपट्टी करण्यापेक्षा तुमच्या मुलांसोबत साजरा करावा म्हणतोय. केक आणू, जुने कपडे आहेत, फोटो काढू. आमच्या मुलालाही जरा जाणीव होईल.

"किती मुलं आहेत आपल्याकडं?" त्यांनी विचारलं.

"एक."

"एकच? बाकीची कुठं गेली?"

"घरी गेली. आईबापांकडं."

पलीकडून अगदी आतून आल्यासारखा एकच शब्द आला, "अरेरे."

नंतर त्यांनी चौकशी केली की जवळपास दुसरं एखादं आहे का, जिथं अजून आहेत. कमळाकरनं माहीत नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. पूजा पायरीवर बसून पेरू खात होती.

"कोन येनार हाय? कधी जानार?" तिनं विचारलं.

"कुणी येत नाही."

"बरं," पूजा म्हणाली आणि पेरू खाऊ लागली.

सद्गृहस्थांचं नाव इथं देत नाही. ते अजून शोधात आहेत, भले गृहस्थ आहेत, आणि वाढदिवस जवळ आलाय. तुमच्याच घरातल्या कॅलेंडरवर तारखेला गोल केलेला असेल, बघा.