तायडे सर आणि त्यांचा 'यू'

"आपण जरा बाजूला होता का? वर्ग भरायचाय."

तायडे सर हे वाक्य आमच्या कामरगावच्या शाळेच्या व्हरांड्यात एका शेळीला म्हणाले. मी तिथे गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. मला वाटलं, शेळीच्या पलीकडे कुणी वडीलधारं माणूस उभं असेल. मी वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. शेळीने तोंडातला कागद शांतपणे चावून संपवला आणि सवडीने पायऱ्या उतरून गेली. "थँक यू," सर तिच्या पाठीला म्हणाले आणि वर्गात शिरले.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. सर इंग्रजी शिकवायचे. उंच, काटकुळे, टेरिकॉटच्या पँटची इस्त्री जिवापाड जपणारे. बसस्टँडमागच्या एका खोलीत आम्ही दोघे भाड्याने राहायचो. एकच स्टोव्ह, एकच आरसा, एकच छत्री, आणि तरीही सर मला 'बोरकर, तुम्ही'च म्हणायचे. भांडतानासुद्धा. "बोरकर, तुम्ही अत्यंत बेशिस्त आहात. तुम्ही पुन्हा माझ्या टॉवेलला हात पुसलात." असं कुणी भांडलं की भांडणाची मजाच जाते हो. मी मूळचा वाशीमजवळच्या मालेगावचा. आमच्या भागात माणूस ओळख होईस्तोवर कसाबसा 'तुमी' म्हणतो. चहाचा कप रिकामा झाला की लगेच 'काय बे, तू कोनाचा?' त्यात सर म्हणजे आक्रीतच.

सरांचं सगळं वेड एका शब्दात मावायचं. 'यू'.

पाचवीच्या पोरांना इंग्रजीचा पहिला धडा हाच. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'यू' लिहायचे आणि हात मागे बांधून असे उभे राहायचे, जणू तो शब्द त्यांनीच मुलगी पाहून आणावी तसा शोधून आणलाय. "पोरांनो, ऐका. इंग्रजांकडेसुद्धा पूर्वी आपल्यासारखंच होतं. 'तू'साठी 'दाऊ'. गड्याला दाऊ, लहानाला दाऊ, गरिबाला दाऊ. आणि मोठ्या माणसाला 'यी'. 'यू' म्हणजे तेव्हा नुसतं 'तुम्हाला'. बिचारा मागच्या दाराने घरात आला, हळूच दिवाणखान्यात बसला, 'यी'ला उठवलं आणि शेवटी 'दाऊ'लाही घराबाहेर काढलं. का? तर कुणाला तू म्हणावं आणि कुणाला तुम्ही, या भानगडीत चूक नको, म्हणून सगळ्यांनाच तुम्ही. आज राजाला यू आणि झाडूवाल्यालाही यू. या भाषेत एवढी एक गोष्ट तरी शिकण्यासारखी आहे."

ती गोष्ट सरांनी नुसती शिकवली नाही, तर पाळली. पोरांना शिक्षासुद्धा मानाने व्हायची. "पुंडलिकराव, आपण गृहपाठ केलेला नाही. आपण कृपया अंगठे धरा." अंगठे धरलेला पुंडलिकराव खालून खुदुखुदु हसायचा आणि त्याबद्दल त्याला "आपण हसू नये" असंही ऐकावं लागायचं.

एकदा एका पोराचा बाप तणतणत शाळेत आला. "मास्तर, तुमी माह्या पोट्ट्याले तुमी काहून म्हंता? काल घरी मी त्याले म्हनलं, ढोराईले पानी दाखव. तं मले म्हंते, 'दाखवा म्हना!' आता मी माह्या पोट्ट्याले अहो-जाहो करू का?"

"तुम्ही करून पाहा," सर म्हणाले. "पाणी दाखवतो की नाही ते मला सांगा."

बाप मान हलवत गेला. पुढे त्याने सांगितलं की पोरगं पाणी दाखवते, पण बायको हसू हसू लोळते.

खरी गंमत बाजाराच्या दिवशी झाली. एक पाटील खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांचा सालगडी मागे पोतं घेऊन उभा होता. सरांनी पाटलांना नमस्कार केला, "कसे आहात तुम्ही?" आणि लगेच गड्याकडे वळून तसाच नमस्कार, "आणि तुम्ही कसे आहात?" गडी पोत्यासकट गोरामोरा झाला. पाटील म्हणाले, "मास्तर, मलेही तुमी अन ह्यालेही तुमी? मंग आमच्या दोघाईत फरक काय राह्यला?"

"आहे ना फरक," सर अगदी मनापासून म्हणाले. "तुम्ही बसलेले आहात. हे उभे आहेत आणि यांच्या पाठीवर पोतं आहे."

सरांना विनोद करता येत नसे. त्यामुळेच त्यांचं बोलणं लागायचं. पाटील खुर्चीत चुळबुळले. गड्याने मात्र पोतं खाली ठेवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

एका संध्याकाळी खिचडी शिजत असताना मी सहज विचारलं, "तायडे, मग तो तुमचा दाऊ गेला कुठे? मेला?"

"उरलाय थोडा. त्यांच्या जुन्या प्रार्थनांमध्ये. देवाला अजून दाऊच म्हणतात."

"म्हणजे देवाला तू आणि शेळीला तुम्ही?" मी मोठ्याने हसलो.

सर हसले नाहीत. स्टोव्हला पंप मारत म्हणाले, "जवळच्या माणसासाठी तेवढा एक शब्द घरात ठेवायला हवा होता त्यांनी." सरांनी इंग्रजांची चूक काढलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. असं का म्हणाले, ते मला इंझोरीला गेल्यावर कळलं.

इंझोरी हे सरांचं गाव. एका रविवारी मला घेऊन गेले. कारंज्याला गाडी बदलून आम्ही पोचलो. सरांची आई ते लहान असतानाच गेलेली. घरात एकटे वडील, सोनाजीबाबा. थोडंसं शेत, एक बैल, जोडीला शेजाऱ्याच्या बैलाची सावड. सगळी उमर दुसऱ्याच्या वावरात राबून त्यांनी हा एक पोरगा शिकवला होता. बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर, आणि तिच्याखाली सरांचा पदवी घेतानाचा फोटो. आम्हाला अंगणात पाहताच म्हातारा बाजेवरून ताडकन उठला. खांद्यावरच्या दुपट्ट्याने बाज झटकली आणि म्हणाला, "या मास्तर. बसा. तुमी थकले असान."

मला वाटलं, मलाच म्हणताहेत. मी पुढे झालो, तर म्हातारा सरांकडे बघत होता. स्वतःच्या पोराकडे!

सर म्हणाले, "तुम्ही बसा, बाबा." म्हातारा म्हणाला, "नाई, तुमी बसा." दोन पाहुणे एकमेकांना पंगतीत आधी बसवतात तसं ते बराच वेळ चाललं. शेवटी मीच बसलो.

सर विहिरीवर हातपाय धुवायला गेले तेव्हा मी म्हाताऱ्याला विचारलंच. तो हळू आवाजात म्हणाला, "गुर्जी, मले या गावात शेंबडं पोट्टंही 'ए सोन्या, तू' म्हने. माह्या बापालेही तसंच म्हनत. आमचा मधू मास्तर होऊन पयल्यांदा पँट घालून आला ना, तवाच मी ठरवलं. आपनच आपल्या लेकराले तुमी नाई म्हनलं तं गाव कायले म्हनन? मी उभा राह्यलो, 'या मास्तर' म्हनलं. सारे पायत राह्यले. आता आख्खं गाव त्याले तुमीच म्हंते." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काठोकाठ समाधान होतं.

परतताना गाडीत सर खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "बोरकर, आई होती तोवर ती मला मध्या म्हणायची. नंतर बाबा म्हणायचे. मी मास्तर होऊन आलो त्या दिवशी बाबा उभे राहिले आणि मला तू म्हणणारं या जगात कुणी उरलं नाही. मी शंभरदा सांगून पाहिलं. ते ऐकत नाहीत. गावाने मान द्यावा म्हणून त्यांनी मला पाहुणा करून टाकलं." एवढं बोलून सरांनी नाक शिंकरलं आणि धुळीला दोष दिला. मी उगाच तिकिटाची घडी करत बसलो. मला फार वाईट वाटलं.

पण तायडे सर हार मानणाऱ्यांतले नव्हते. म्हाताऱ्याच्या तोंडून एक 'तू' काढायचाच, असा त्यांनी चंग बांधला आणि त्यासाठी मार्ग शोधला तो असा, की बापाने रागवावं असं काहीतरी करायचं. आता हा माणूस जन्मात कधी वाह्यातपणा केलेला नाही. त्याला तो जमणार कसा? पुढच्या खेपेला ते चिखलाच्या बुटांसकट बाजेवर पाय पसरून बसले. म्हाताऱ्याने वाकून बूट काढायला हात घातला, तेव्हा सरच दचकून उठले. त्यानंतरच्या खेपेला मुद्दाम चहाची बशी पाडली. म्हातारा धावत आला, "काच नाई ना लागली तुमाले, मास्तर? असू द्या. जुनीच व्हती."

सर बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाले, "बशी वाया गेली, बोरकर."

राहता राहिला बैल. त्याचं नाव लाल्या, पण सर त्याला लालराव म्हणायचे. "लालराव, आपण थोडं सरकता का?" लालराव ढिम्म. म्हातारा कपाळावर हात मारून मला म्हणायचा, "गुर्जी, मास्तरायनं माहा बैल बिघडवून टाकला. आता मी 'चाल बे' म्हनलं तं थो मले पायते."

थंडीचे दिवस होते. ज्वारी निघाली होती आणि वावरातून कडबा बैलबंडीत भरून आणायचा होता. शेजारी आला होता, कडबा उचलायला दोन-तीन बायाही होत्या. मी बांधावर बसून हरभऱ्याचे घाटे खात होतो. सर मदतीच्या नावाखाली सगळ्यांच्या मध्ये येत होते. कासरा खाली पडलेला त्यांना दिसला, तो बंडीपासून सोडलेल्या लाल्याच्या अगदी मागे. सर तिकडे निघाले. "लालराव, माफ करा हं, आपल्या मागून जरा..."

लाल्याने शेपूट आखडलं आणि कान मागे टाकले. बंडीवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ते वरून दिसलं.

"अबे मध्या! मांगं हो! लात हानन थो तुले!"

साऱ्या वावराला ऐकू गेलं. कुठल्याही शहाण्या माणसाने उडी मारून बाजूला व्हावं की नाही? सर जागच्या जागी थांबले. वळून बापाकडे बघत राहिले, तोंड उघडं, डोळे मोठे. तेवढ्यात लालरावांनी सगळ्या अहो-जाहोचा एकदाच हिशेब चुकता केला. सर कडब्याच्या पेंढ्यांवर जाऊन आदळले.

म्हातारा बंडीवरून कसा उतरला ते त्यालाच ठाऊक. सरांच्या पाठीत त्याने आधी एक धपाटा घातला आणि मग मांडी चाचपली. "बैलाच्या मांगून जातेत का रे? लहानपनापासून सांगून राह्यलो तुले! अक्कल शाळेत ठेवून आला का? लय लागलं का रे? दाखव मले!"

बाया पदराआड हसत होत्या. सर रडत होते. सगळ्यांना वाटलं, लात जोरात बसली. लात जोरात बसलीच होती, पण रडू त्याचं नव्हतं, हे वावरात फक्त मला माहीत होतं. माझ्या हातातले घाटे तसेच राहिले.

मग म्हाताऱ्याचं भोवती लक्ष गेलं. शेजारी बघत होता, बाया बघत होत्या. इतकी वर्षं जपलेलं हातून सांडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. तो कसनुसा होऊन म्हणाला, "उठा... मास्तर."

तेव्हा तायडे सरांनी, शेळीला आपण म्हणणाऱ्या माणसाने, बापाचा हात धरला आणि चार माणसांदेखत म्हणाले, "बाबा, गाव म्हनते ना मले तुमी. तुह्यामुळंच म्हंते. आता तू मले तुमी नोको म्हनू."

शेजाऱ्याने खाकरून दुसरीकडे तोंड केलं. मग म्हाताऱ्याने सरांच्या डोक्यातली काडी काढली आणि म्हणाला, "चाल. ऊठ. हयद लावून देतो."

पुढे गावाने सरांना तू म्हणायला सुरुवात केली का? मुळीच नाही. उलट लात खाल्लेल्या मास्तरांची चौकशी करायला जो तो घरी आला, आणि येणारा प्रत्येक जण त्या घरात बसलेल्या म्हाताऱ्यालाही 'सोनाजीबाबा, तुमी' म्हणू लागला. मास्तरांना तुमी म्हणून त्यांच्या बापाला त्याच घरात 'ए सोन्या' कसं म्हणणार?

सरांची मांडी लवकरच बरी झाली. कामरगावात ते पूर्वीसारखे ताडताड चालायचे. पण इंझोरीला गाडीतून उतरून आम्ही पांदणीच्या वाटेला लागलो की सर लंगडायला लागायचे. असं पुढची कित्येक वर्षं चाललं. एकदा मी म्हणालो, "तायडे, मागच्या खेपेला तुमचा डावा पाय दुखत होता."

"असं का?" म्हणून सरांनी शांतपणे पाय बदलला.

पांदणीच्या टोकाला म्हातारा आमची वाट बघत उभा होता, हातात हळदीची वाटी. त्याने सरांच्या चालीकडे बारीक डोळे करून पाहिलं. बाप काही आंधळा नव्हता.

"काय रे मध्या," तो म्हणाला, "आज कोनता दुखते?"